नंबर विचारल्याबद्दल

प्रिय झिला,

तुझं नाव लिहीत नाही. परवा फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "काकी, नाव घालू नकात, ह्या काय मोठा नाय." मासे दाखवायला समुद्रात उतरवण्याआधी माझ्या चष्म्याचा नंबर विचारणं तुझ्या लेखी मोठं नसेल. माझ्या लेखी ते किती मोठं आहे हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझं माहेर आचरा. घरातून निघालं की दहा मिनिटांत पाय समुद्राला लागायचे. चौथीत चष्मा लागला आणि दरवर्षी वाढतच गेला. आज उजवा डोळा मायनस साडेसात, डावा सात. ज्यांना नंबर नाही त्यांना या आकड्यावरून काही कळत नाही, म्हणून सांगते. चष्मा काढला की मला स्वच्छ दिसतं ते डोळ्यांपासून जेमतेम १३ सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढे नुसते रंग, कडा नाहीत. सुईत दोरा मी चष्मा काढूनच ओवते, पण समोर उभं राहिलेलं माणूस आवाजावरून ओळखते. लहानपणी समुद्रात शिरताना चष्मा फ्रॉकच्या घडीत गुंडाळून वाळूवर ठेवायचा आणि खुणेला त्यावर करवंटी. लाट अंगावर येईपर्यंत दिसायची नाही. बाकीच्या मुली बघून उडी मारायच्या, मी ऐकून. समुद्राकाठी वाढले, पण पाण्यात असताना समुद्र कधी पाहिलाच नाही.

सहा वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एके ठिकाणी घरच्यांबरोबर स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि तोंडात नळी लावून पाण्याखालचं बघायला, गेले होते. कुठे ते सांगत नाही, त्यांनी मुद्दाम काही वाईट केलं नाही. त्या मुलाने चष्मा काढायला लावला, मास्क चढवला, जॅकेटला मागून धरून माझं तोंड पाण्यात घातलं. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, दांड्यांच्या फटीतून पाणी शिरतं, एवढं मलाही माहीत होतं. समोर हिरवं धुकं होतं. त्यात काहीतरी हललं. पाच मिनिटांनी वर काढून त्याने विचारलं, "दिसलं ना?"

मी म्हटलं, "हो."

पुढचा माणूस शिडीवर थांबला होता, मुलीने पैसे भरले होते, सगळे माझ्याकडे बघून हसत होते. काय म्हणणार? घरी आल्यावर फोटोत पाहिलं तर माझ्या खांद्याला लागून चांगले दहा-बारा पट्ट्यापट्ट्यांचे मासे. ते मासे मी पहिल्यांदा पाहिले ते कणकवलीत, सोफ्यावर बसून. नंतर आळीत सगळ्यांना वर्णन करून सांगितलं तेही त्या फोटोवरूनच. पुन्हा कोणी पाण्यात चल म्हटलं की मी टाळायचे, आणि घरात ठरून गेलं की आईला पाण्याची भीती आहे. मीही ते खोडलं नाही. भीती म्हटलं की लोक समजून घेतात, "दिसत नाही" म्हटलं की मास्क तर आहे ना, म्हणतात.

यंदा मुलीने मालवणहून अर्ध्या दिवसाची कॅटमरान ठरवली. मी बोटीवरच बसणार होते. आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन चालू असताना मी स्वयंपाकघरात नारळ खोवत होते. पलीकडून तू, त्या बोटीवरचा, तिला एकेक विचारत होतास: दमा कोणाला, बीपी कोणाला, कानाचं ऑपरेशन झालंय का, पोहता कोणाला येतं. मग ती फोन हातात धरून आत आली आणि म्हणाली, "आई, तो विचारतोय, आवशीच्या चष्म्याचो नंबर किती असा?"

माझा हात खोवणीवरच थांबला. गेल्या पन्नास वर्षांत हा प्रश्न मला चष्म्याच्या दुकानाबाहेर कोणी विचारलेला नाही.

दिवसही तूच बदलून दिला होतास. मुलीला पौर्णिमेचा रविवार हवा होता. तू म्हणालास, "पुनवेक नको, दशमीक येवा. भांगाचा पाणी स्वच्छ असता." आमचे आजोबा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगायचे, दशमी म्हणजे साडेसात, थोडं इकडेतिकडे. पण पाणी कधी गढूळ आणि कधी स्वच्छ हे त्या हिशोबात आहे, हे मला तुझ्यामुळे कळलं. पुनव-अवसेला उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं, तळाची माती उठते, खाड्यांचा गाळ बाहेर येतो. अष्टमीनंतर दोन दिवस भांग, पाण्याला ओढ कमी. भरती पुरी होऊन पाणी थबकतं ती वेळ सगळ्यात चांगली. आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो तोवर पाणी सपाट, अकराच्या पुढे खारा वारा सुटला की वर चाळवतं. मुलीने बदललेल्या तारखेवरून थोडी कुरकुर केली होती. आता ती मैत्रिणींना तिथ्या सांगते.

सात वाजता जेटीवरून सुटलो. बोट चालवणारे तांडेलमामा त्या बोटीला कॅटमरान म्हणत नाहीत, "सांगड" म्हणतात, आणि मला ते फार आवडलं. दोन होड्या किंवा दोन ओंडके एकमेकांना बांधले की सांगड. कॅटमरान हा शब्दही तमिळ कट्टुमरमवरून आला, म्हणजे बांधलेली लाकडंच. दोन अंगांवर पाय रोवून उभी असल्यामुळे ती डुलत नाही. एरवी होडीत बसले की मला मळमळतं, त्या दिवशी आल्याची वडी पिशवीतच राहिली. नातवंडं पुढच्या जाळीवर पालथी पडून खालून जाणारं पाणी बघत होती.

सिंधुदुर्गाच्या कडेने गेलो. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला आणि पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं, हे शाळेत पाठ केलेलं. तट मी पन्नास वेळा पाहिला असेल, पण लोकांबरोबर दरवाजातून आत जाऊन. पाण्याच्या बाजूने तटाचं बूड, त्यावर चिकटलेली कालवं, ओली काळी रेघ, हे असं सावकाश कधी पाहिलं नव्हतं.

बोट थांबवताना तू नांगर टाकला नाहीस, आधीपासून पाण्यात असलेल्या बोयाला दोर बांधलास. नातवाने का विचारलं तर म्हणालास, नांगराने प्रवाळ मोडतं, आणि ते वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, काही तर त्याहून कमी. बिस्किटाचा पुडा त्याच्या हातातून अलगद काढून घेतलास. माशांना घालायचा नाही म्हणून. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे हे आम्हा तालुक्यातल्यांनाही कोणी सांगावं लागतं.

मग सगळे उतरले आणि मी बसून राहिले. तू पिशवीतून तो मास्क काढलास. एका सलग काचेचा नव्हता, दोन डोळ्यांना दोन वेगळ्या काचा. "मायनस सहाचो मेळलो, काकी. पाण्यात पुरो नंबर लागणा नाय." मला वाटलं, माझं समाधान करतोयस. पण तू नीट समजावलंस. पाण्यात उघड्या डोळ्याला कोणालाच धड दिसत नाही, कारण डोळ्याच्या पुढच्या पडद्याचं काम हवेतच चालतं, पाण्यात ते जवळजवळ बंद पडतं. मास्क डोळ्यांपुढे हवा धरून ठेवतो म्हणून बाकीच्यांना दिसतं. आणि त्या काचेतून पाण्यातली वस्तू एक चतुर्थांश जवळ आल्यासारखी आणि एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणून लांबचं न दिसणाऱ्याला थोड्या कमी नंबरावर भागतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या हिरव्या धुक्याचा दोष मी माझ्या भित्रेपणाला दिला नसता.

काचेला आतून थुंकी चोळून धुतलीस, धुकं धरू नये म्हणून. केस बाजूला सारून पट्टा बसवलास. आत पाणी आलं तर वरची कड दाबून मान वर करायची आणि नाकाने फुंकायचं, हे बोटीवरच चार वेळा करून घेतलंस. घाई नव्हती. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीस.

शिडीची शेवटची पायरी मी पायाने चाचपली आणि रिंग धरून पाण्यात तोंड घातलं.

पहिल्यांदा माझेच हात दिसले. हिरव्या बांगड्या, एकेक वेगळी. मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग. मोठे दिसत होते हात, आईच्या हातांसारखे. मग त्यांच्या पलीकडे तुझा हात आला, तीन बोटं वर केलेला. मी तीन बोटं दाखवली. मग पाच. मी पाच दाखवली. सहा वर्षांपूर्वी मला विचारलं होतं, दिसलं ना. त्याला हो म्हणता येतं. तुझ्या बोटांना नुसतं हो म्हणून चाललं नसतं.

त्यानंतर काय काय पाहिलं ते लिहायला बसले की हात थांबत नाही. खाली दहा-बारा फुटांवर खडक, आणि खडकावर फणसाच्या सालीसारखं प्रवाळ, काट्याकाट्यांचं, मळकट हिरवं. दुसरं घावणाला जाळी पडते तसं, भोकाभोकांचं. वाळूवर लाटांच्या वळ्या उमटलेल्या. फोटोतले ते मासे आले, पिवळट अंगावर पाच काळे पट्टे, मी मोजले. पोपट मासा चोचीने खडक खरवडत होता आणि त्या खरवडण्याचा आवाज मला ऐकू येत होता. त्याच्या मागे सगळीकडून कसलीशी तडतड, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. ही तडतड मी मागच्या वेळीही ऐकली होती आणि कुठल्या तरी बोटीचं इंजिन समजले होते. वर येऊन विचारलं तर म्हणालास, बारक्या कोळंब्या नांगी मिटतात त्याचा आवाज.

आणि गोबरा. कपारीत, तोंड उघडमिट करत. गोबरा मी आडाळ्यावर किती कापलेत त्याला गणती नाही, पण डोळा फिरवून माझ्याकडे बघणारा पहिल्यांदाच पाहिला. मासे खाणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पण गेल्या आठवड्यात बाजारात पाटीतला गोबरा बघून क्षणभर थांबले, एवढं खरं.

प्रत्येक मासा दिसला की मी डोकं वर काढून तुला सांगत होते आणि तू सारखं म्हणत होतास, "काकी, नळी तोंडातसून काढू नकात." एकदा खडक इतका जवळ वाटला की पाय टेकवायला गेले. "जीव असा तेका, पाय ठेव नकात," म्हणून तू रिंग ओढलीस. मी चाळीस मिनिटं पाण्यात होते असं मुलगी म्हणते. ती, जावई, मुलं कधीच वर येऊन चहा पीत बसली होती. "आई, भीती वाटत नाही?" तिने विचारलं. तेव्हा तिला सगळं सांगितलं, सहा वर्षांपूर्वीच्या "हो"सकट. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला विचारायला हवं होतं." तिचीही चूक नाही. माझ्याच घरात माझा नंबर कोणाला पाठ नव्हता.

परतताना देवबागच्या संगमापर्यंत जाऊन आलो, दोन डॉल्फिन दिसले, सगळ्यांनी आरडाओरडा केला. मी चष्मा लावून पाहिले, छान होते. पण माझं लक्ष तांडेलमामांकडे होतं, कारण त्यांनी हळूच सांगितलं, "तो मास्क हेचो नाय. काल रात्री देवबागाक जावन दोस्ताकडसून हाडलान." फोन झाला तेव्हा सात वाजून गेले होते. म्हणजे माझा नंबर कळल्यावर तू स्कूटर काढलीस, मालवण ते देवबाग गेलास, आलास, आणि पहाटे पुन्हा बोटीवर हजर. पैसे सगळ्यांएवढेच घेतलेस. वर देऊ केले तर हात मागे घेतलास.

म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. किनाऱ्यावर स्नॉर्कलिंग करवणारे तुझ्यासारखे पुष्कळ तरुण आहेत, मेहनती आहेत, जीव सांभाळतात. त्यांनी दमा-बीपीबरोबर नंबरही विचारावा. नंबराचे दोन-तीन मास्क चार जणांनी मिळून ठेवले तरी चालतील. आणि माझ्यासारख्या ज्या कोणी "दिसलं" म्हणून घरी आल्यात, त्यांनी पुढच्या वेळी आधीच सांगावं.

माझा धाकटा भाऊ शिमग्याला मुंबईहून येतोय. आम्ही दोघं एकाच करवंटीखाली चष्मे ठेवायचो. त्याला अजून काही सांगितलेलं नाही, फक्त पुनवेनंतर दशमीपर्यंत राहता येईल एवढी रजा टाक म्हटलंय. फाल्गुन वद्य दशमीला आम्हाला दोन जागा ठेव. त्याचा उजवा साडेनऊ, डावा नऊ. लिहून घे.

तुझी,
कणकवलीची काकी