गड्या, आबांनी 'पोंता दे अरेया' ऐकलं

प्रिय गड्या,

तुझे तीन व्हॉइस मेसेज अजून तसेच पडलेत. २०२३ च्या मार्चमध्ये आपला जॅझ सॅक्सोफोनवाला वेन शॉर्टर गेला तेव्हाही तू फोन केलास आणि मी उचलला नाही, बोलायची ताकदच नव्हती रे त्या दिवशी. माफ कर. तब्येत बरी, शुगर कंट्रोलमध्ये, आई गुडघ्यांवर बोलते बस.

लिहायला बसलो कारण परवा अंजनगावला आबांनी शॉर्टरचा 'नेटिव्ह डान्सर' अल्बम ऐकला. हो, आपल्या आबांनी! लाइट गेलेली, उकाडा, दोघं ओट्यावर खाटा टाकून पडलो होतो, मी मोबाईलवर लावला. पहिलंच गाणं 'पोंता दे अरेया', ब्राझीलच्या मिल्टन नासिमेंतोचा तो वर चढलेला कोवळा आवाज आणि मग शॉर्टरचा सोप्रानो सॅक्सोफोन. आबा म्हणाले, काय म्हणते रे हा? मी म्हटलं, बंद पडलेल्या रेल्वेचं गाणं आहे.

हे मलाही गेल्याच महिन्यात कळलं. हॉस्टेलवर तुझ्या मामांच्या कॅसेटवर आपण नऊ मात्रा मोजून मांड्या लाल केल्या, तू म्हणायचास मत्तताल, मी म्हणायचो नुसत्या नऊ असून होत नाही, आधी तालाचे विभाग दाखव, पण शब्दांचा अर्थ दोघांनीही कधी शोधला नाही! ब्राझीलची बाहिया-मिनास रेल्वे, आतल्या मिनास जेराइसमधून बाहियाच्या समुद्रापर्यंत जायची, १९६६ साली लष्करी राजवटीत बंद केली. पोंता दे अरेया हे तिचं समुद्राकडचं टोक. फेर्नांदो ब्रांतच्या शब्दांत टोपीवाला म्हातारा ड्रायव्हर आहे, त्याला पूर्वीची गर्दी आठवते.

एवढं सांगितलं तर आबा उठून बसले. "मंग तिथल्या डायवर-फायरमनायले कुठी धाडलं रे?"

मी गप्प. काय सांगणार होतो?

तुला माहितीये, १९९४ पर्यंत शकुंतलेला, आपल्या मूर्तिजापूर-अचलपूर गाडीला, वाफेचं इंजिन होतं तोवर आबा फायरमन. मनगटाच्या वर निखाऱ्यांचे ते काळे ठिपके अजून आहेत, बोलताना त्यावरून अंगठा फिरवतात. ती गाडी बंद झाल्यापासून आधी रोज स्टेशनवर जायचे, आता तेही सोडलं. जेवण अर्ध्यावर आलंय. दादा म्हणतो पुण्याला आणू, अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, बाजूला हॉस्पिटल आहे, आणि दादाचं चूक नाही रे, रात्री पडले तर कोण बघणार, शेजारचे काका स्वतः ऐंशीचे. पण तिथे ओटा नाही, नावाने हाक मारणारं माणूस नाही, आणि मी घर विकायच्या कागदांवर सही करायचं टाळत बसलोय, दादा रोज विचारतो. तू असतास तर एका वाक्यात निकाल लावला असतास, चुकीचा का असेना!

त्या रात्री गाणं संपल्यावर आबा म्हणाले, "ते शिट्टीवानी वाजते ते परत लाव." शिट्टीवानी, गड्या! तुझं जुनं भांडण आठवलं, की १९७५ ची ही रेकॉर्ड शॉर्टरची नाहीच, नऊपैकी पाच गाणी मिल्टनची, नाव फुकटचं सॅक्सवाल्याचं. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आता जास्तच म्हणतो, वेदर रिपोर्ट बँडमधला एवढा मोठा माणूस, पियानोवर हर्बी हॅनकॉकसारखा दिग्गज बसलेला, आणि तरी दुसऱ्याच्या गाण्याला जागा करून देतो, मध्येच दोन ओळी वाजवून बाजूला होतो, ही त्याचीच रेकॉर्ड आहे. मग 'आना मारिया' लावलं, बायकोच्या नावाचं. ती १९९६ च्या विमान अपघातात गेली हे आबांना सांगितलं नाही, आधीच फार झालं होतं.

नव्या नोकरीचं कळलं, मस्त. लेकीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार.

रविवारी आबांना फोन कर, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा कानात मशीन असतं. पुण्याचा विषय तूच काढ, तुझं ते ऐकतात. आणि ते विचारतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो, त्या ब्राझीलच्या रेल्वेचे रूळ मीटर गेजचे होते.

तुझाच,
मी