माळ्यावरच्या कॅसेटी आणि वहीतली अकरा नावं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातली आमची ४२ वर्षांची इमारत पुनर्विकासात गेली. ३० तारखेला किल्ल्या द्यायच्या. बिल्डरच्या भाड्यात बसेल अशी जागा घोडबंदर रोडला मिळाली, कासारवडवलीच्या पुढे, चौदाव्या मजल्यावर. हवा भरपूर, उजेड भरपूर, माळा नाही. गल्लीतल्या आणखी तीन इमारतींचीही हीच गत, त्यामुळे भंगारवाल्याची हातगाडी सध्या आमच्या दारातून हलतच नाही.

माझ्या माळ्यावरून पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या. आत व्हिडिओ गेमचे सात सेट, १६३ कॅसेटी, बदकं मारायच्या चार बंदुका, रिमोटच्या वायरींचा गुंता, अ‍ॅडाप्टर आणि एक लांबट वही. (कॅसेटला कार्ट्रिज म्हणतात हे मला मुलाने फार उशिरा सांगितलं. ठाण्यात ती कॅसेटच होती.) १९९२ च्या दिवाळीपासून दहा वर्षं मी तळमजल्यावरच्या खिडकीतून या कॅसेटी भाड्याने द्यायचे. ह्यांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली होती आणि नुसत्या पापड-मसाल्यांवर घर भागेना. माझा भाऊ तेव्हा मस्कतला. पहिला सेट त्याने आणला, पुढचे मी लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून घेतले. कॅसेटला दिवसाचे १० रुपये, अनामत १००, उशीर केला तर रोज ५ रुपये दंड. पोरं मला ‘गेमवाल्या काकू’ म्हणायची. अजूनही जांभळी नाक्यावर भाजी घेताना टक्कल पडलेला एखादा गृहस्थ त्याच नावाने हाक मारतो, आणि बायकोला काय सांगावं ते त्याला सुचत नाही.

तर आता हे सगळं ठेवायचं की विकायचं, यावर घरात पंधरा दिवस खल चालला आहे.

भंगारवाल्याने दोन्ही ट्रंकांचे मिळून साडेसातशे सांगितले, त्यातही निम्मे ट्रंकांच्या पत्र्याचे. मुलाने मोबाइलवर बातमी काढून दाखवली: जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. घरात कोणी बोलेना. मग मीच विचारलं, तिची अवस्था कशी होती? तर म्हणे सीलबंद, कोणी कधी उघडलेलीच नाही. आमच्या मारिओच्या कॅसेटीत चरईपासून पाचपाखाडीपर्यंतच्या प्रत्येक पोराची थुंकी आहे. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची, हा तर शिरस्ताच होता. खरं म्हणजे फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा बसवली की आतल्या पट्ट्या नीट टेकायच्या, एवढंच. तोंडातल्या ओलाव्याने उलट पट्ट्यांवर गंज चढायचा. मी दर रविवारी त्या स्पिरिटने पुसायचे आणि पोरांना ओरडायचे. गेम लागला नाही की मीही फुंकरच मारायचे, ते सोडा.

मग ऐरोलीहून एक तरुण आला. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, काकू-काकू केलं. ट्रंकांमधली एकेक वस्तू उलटीपालटी करून म्हणाला, “सगळा लॉट २२ हजार. आत्ता, रोख.” साडेसातशेनंतर बावीस हजार म्हटल्यावर कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण मी चाळीस वर्षं बाजारात भाजी घेते आहे. ज्याला वांगी हवी असतात तो आधी भेंडीचा भाव विचारतो. ह्याने एक नारिंगी डबी दोनदा उघडून मिटली आणि बोलत राहिला बंदुकांबद्दल. मी म्हटलं, “ही डबी माझ्या मुलाची आहे. ती सोडून बाकीच्याचे किती?” तो हसला. म्हणाला, “मग राहू दे काकू.”

ती डबी म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा हातात धरून खेळायचा ‘डॉन्की काँग’, १९८२ सालचा, गेम अँड वॉच या मालिकेतला. बायकांच्या कॉम्पॅक्टसारखा उघडतो, वर एक पडदा, खाली एक. डाव्या हाताला अधिकच्या चिन्हासारखं बटण आहे. पुढे जगभरातल्या रिमोटांवर आलं ते हेच बटण. गुनपेई योकोई नावाच्या माणसाने ते आणलं, ते या डबीवर. तो तरुण गेल्यावर मी गोखले रोडवरच्या घड्याळवाल्याकडून दोन बटण सेल आणले. माकड पिंपं फेकायला लागलं. नातू म्हणाला, “आजी, हे चार्ज कुठून करतात?”

त्या दिवशी मला कळलं की लॉटला भाव नव्हता, भाव होता त्यातल्या मूठभर वस्तूंना. बाकीचं नुसतं वजन. मग दोन संध्याकाळ जेवणाच्या टेबलावर कॅसेटी वेगळ्या काढल्या. आपल्याकडे घरोघरी जे सेट होते, मीडिया म्हणा की नावच नसलेले, ते बहुतेक सगळे जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या नकला. कॅसेटीही तशाच. नकली कॅसेट उघडली की आतल्या सर्किटच्या पट्टीवर बहुतेकदा डांबराचा ठिपका टाकल्यासारखा काळा गोळा दिसतो. खऱ्या कॅसेटीत बहुधा पाय असलेल्या चिप झाळलेल्या असतात. १६३ मध्ये खऱ्या निघाल्या १४. त्यांत एक ‘टँक’ आहे. विटांच्या आडोशातला गरुड वाचवायचा, तो. खरं नाव ‘बॅटल सिटी’, नामको कंपनी, १९८५. अमेरिकेत हा गेम त्या काळी अधिकृतपणे विकायलाच आला नव्हता म्हणे. आमच्या गल्लीत तो न खेळलेला मुलगा दाखवा!

माझा निर्णय झाला आहे. नारिंगी डबी आणि १४ खऱ्या कॅसेटी विकणार, पण एकेक, आतला फोटो दाखवून. मुलाला डबी नकोय, पैसे नव्या घराच्या पडद्यांना चालतील म्हणाला. मेलेले अ‍ॅडाप्टर आणि तुटके रिमोट ई-कचऱ्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत व्हिडिओ गेमही येतात, ते हातगाडीवर टाकायचे नसतात.

खरी पंचाईत उरलेल्या मालाची आहे. ‘एकात ६४’, ‘एकात ९९९९९९९’ (त्यात मोजून वीसेक गेम, तेच ते पुन्हा पुन्हा), कुठलंच नाव नसलेल्या, चुकीचं चित्र चिकटवलेल्या कॅसेटी. संग्राहक यांना हात लावत नाहीत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात विकत मिळत नाहीत असं दिसलं. ही गत खऱ्या गेमची. आमच्या नकली कॅसेटींची मोजदाद कोण ठेवणार? पण ठाण्यातली मुलं खेळली ती याच कॅसेटींवर. खरा माल कोणाला परवडत होता? १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीने सेगाचा मेगा ड्राइव्ह हा गेमचा सेट भारतात आणला, किंमत १८ हजार रुपये. एक मुलगा वर्षभर विचारत होता, “काकू, सेगा कधी आणणार?” मी म्हणायचे, “लॉटरी लागली की.”

बंदुकांचंही तेच. बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तीच बघत असते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या डोळ्याला तो दिसला की बदक पडतं. हे सगळं जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेलं. नातवाने नव्या सपाट टीव्हीवर बंदुकीचा घोडा झिजवला, एक बदक पडलं नाही, गेममधला कुत्रा तेवढा हसत राहिला. म्हणून १४ इंची जुना टीव्हीही मी ठेवला आहे. “आई, हे धूड चौदाव्या मजल्यावर?” असं मुलाने विचारलं. लिफ्ट आहे म्हटलं.

आणि वही. रकाने मी पट्टीने आखलेले: तारीख, नाव, कॅसेट, अनामत, परत. आडनावं लिहायची पद्धत नव्हती आणि अमोल सहा होते. म्हणून ‘अमोल लाल सायकल’, ‘अमोल चष्मा’, ‘अमोल आजीबरोबर येतो’. मे १९९५ ची पानं समासापर्यंत भरलेली. ९ मार्च १९९६ ला, वर्ल्डकपमध्ये बंगळुरूला पाकिस्तानशी सामना होता, त्या पानावर एकच ओळ: ‘कोणी नाही. मॅच.’ पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कोणा पोराने पेन्सिलीने लिहून ठेवलंय: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. ‘काँट्रा’त तीस लाइफ मिळवायची युक्ती. २००१ च्या सुमारास पानं विरळ होत जातात. सायबर कॅफे आले, सीडीवाले प्लेस्टेशन आले, आणि पोरांना मिशा फुटल्या.

आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून पुस्तकं सांभाळतंय. तसं हे सांभाळायला एखादं वाचनालय, शाळा, कोणीही तयार असेल, तर चालू स्थितीतला एक सेट, टीव्ही, बंदूक, निवडक ४० कॅसेटी आणि वही मी फुकट द्यायला तयार आहे. अट एकच: काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं नाही, मुलांना खेळू द्यायचं. कोणी पुढे आलं नाही तर चौदावा मजला आहेच. आणि ज्यांच्या इमारती आमच्यासारख्याच रिकाम्या होताहेत त्यांनी कोणालाही ‘लॉट’ म्हणून काही देण्याआधी ट्रंका जमिनीवर ओताव्यात, एवढं माझ्या अनुभवावरून सांगते.

जाता जाता एक. वहीत ‘परत’च्या रकान्यात अकरा जागा अजून रिकाम्या आहेत. पहिलं नाव ‘अमोल चष्मा’, काँट्रा, १४ जून १९९७. या अकरांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर दंड माफ आहे. कॅसेट आणली तर अनामतीचे शंभर रुपये परत मिळतील. खिडकी कुठली ते त्यांना माहीत आहे. ३० तारखेपर्यंत रोज संध्याकाळी पाच ते आठ.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)
(नाव छापू नये. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.)