रविवारी तू फोन ठेवलास त्याबद्दल

बाई,

रविवारी तू फोन ठेवून दिलास ते बरंच केलंस. तीन दिवस झाले, तुझे बाबा म्हणतात लाव ना फोन, पण फोनवर मी पुन्हा तेच बोलीन म्हणून इथं व्हॉट्सॲपवर लिहून राहिली. शाळा सुटल्यावर सावकाश वाच.

तुझ्या पिलूनं फोनवर काहीतरी मागितलं आणि मला कळलंच नाही. तू म्हणालीस पाणी मागून राहिला आई, कोलामीत. आणि मग शेजारच्या बाईला त्यानं याडी म्हणून हाक मारली. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरमाटीत आई, हे मला माहीत आहे. चर्र झालं काळजात, आणि तोंडातून निघून गेलं की त्याला तिकडे जाऊ देऊ नको, कुठंही खातो, काय काय बोलतो. लिहितानाही लाज वाटते.

भाषेचं मी काढणार नाही. तू शिक्षिका आहेस, तुला जास्त कळतं. कोलामी अन् गोंडी तेलुगूच्या गोतातल्या, गोरमाटी राजस्थानकडून आलेली, हे पोळ्याला आली होतीस तेव्हा तूच समजावलं होतंस. तुमच्या पांढरकवड्याहून तेलंगणा काही दूर नाही, त्यात कोलामांच्या पोडावरची लेकरं, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची लेकरं, उर्दूवाले, तेलुगूवाले सगळे एका अंगणात, तर तो उचलणारच. बाबा पारावर सांगत फिरतात की माझा नातू चार भाषा बोलते. मलाही आनंदच आहे गं. पण दोन वर्षांनी पहिलीत जाईल तेव्हा मराठी वाचायचं आहे ना त्याला, आणि मला तर एक मराठीच येते, उद्या तो माझ्याजवळ येऊन बसला आणि काय म्हणतो ते मला कळलंच नाही तर? बघ, काढणार नाही म्हटलं अन् काढलंच.

तू तरी कुठं घरात राहिलीस लहानपणी. शेजारच्या खालाच्या ओट्यावरच अर्धी मोठी झालीस. टायफॉइड झाला तेव्हा बाबा दर्यापूरला औषधासाठी गेलेले, मी वावरातून येईपर्यंत खालाच तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती. मोहरमच्या सवारीला नवस मीच बोलली, बरी झालीस तेव्हा मलिदा नेला. तेव्हा कोणाची भाषा कोणती हे मनातही आलं नाही.

आणि एक गोष्ट आहे, आपण दोघी कधी बोललो नाही त्यावर. तू सहावीत होतीस, १४ एप्रिलला मैत्रिणीकडे बौद्धपुऱ्यात जेवून आलीस, तिचे आजोबा १९५६ ला दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते त्याची गोष्ट ऐकून आलीस, किती खुशीत सांगत होतीस. आजीनं विचारलं, "कोणाच्या हातचं खाल्लं थे पयले सांग." आणि न्हाणीत उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं. आपला खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, गोड्या पाण्यासाठी मी दोन कोस जायची, त्या प्यायच्या पाण्याचा हंडा ओतला त्यांनी तुझ्यावर. तू मला विचारलंस, मी घाण झाली काय आई? मी पदरानं डोकं पुसलं आणि चूप बसली. सासूपुढं बोलायची हिंमत नव्हती हे खरं, पण मनात थोडं आजीसारखं माझ्याही होतं, तेही खरं. रविवारी माझ्या तोंडून तीच बोलली.

म्हणून सांगते. पिलू सगळ्यांकडे जेवून येतो ते छान, पण त्यांची लेकरंही तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत येऊ दे, आपल्याच ताटात वाढ, वेगळे कप काढू नको. नाहीतर लेकरांना बरोबर कळते. आणि तुझ्या सासरचं कोणी आलं अन् त्याला असं काही म्हणालं तर तू चूप नको बसू, तिथंच बोल, लेकरासमोर बोल, मागाहून पदरानं पुसून काही होत नाही. आणि रात्री निजताना गोष्ट मात्र मराठीत सांगत जा, एवढं तर करशील, रोज एक. झालं माझं लेक्चर सुरू, माफ कर. तू त्याला माझ्याहून चांगलं वाढवून राहिलीस, हे मी बाबांना बोलली, तुला कधी बोलली नाही.

कपाशीची दुसरी वेचणी आटोपली की येते, दोन बस बदलाव्या लागतात तर लागू दे. सांडगे आणि जवसाची चटणी दोन घरांसाठी आणते, एक याडीकडे दे. त्यांना तिखट चालते ना ते विचारून ठेव.

आणि पिलू पाण्याला काय म्हणाला होता ते लिहून पाठव. रविवारी मला नीट ऐकूच आलं नाही.

तुझी आई