लायसन्स वाचवायचं असेल तर

कॉव्हेंट्री,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वेगात गाडी चालवल्याबद्दल तुझ्या लायसन्सवर पडणारे हे दंडाचे तीन पॉइंट, गाडी आपणच चालवत होतो असं सांगून वहिनींनी स्वतःच्या नावावर घ्यायचे, हा विचार आधी डोक्यातून काढून टाक. 2003 मध्ये ब्रिटिश राजकारणी क्रिस ह्यून यांचे पॉइंट त्यांच्या पत्नी विकी प्राइस यांनी असेच घेतले होते. 2013 मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. वहिनी नर्स आहेत रे, त्यांचं सगळं आयुष्य पणाला लागेल.

आता तुझं. नऊ आहेतच, हे तीन आले की बारा, आणि बारा झाले की निदान सहा महिने गाडी बंद. पॉइंटांऐवजी करता येतो तो वेगाबद्दलचा कोर्स तू मागच्याच वर्षी केलास, तो मार्ग संपला. पण तारखा नीट बघ. पॉइंट लायसन्सवर चार वर्षं दिसतात, बेरजेत मात्र तीन वर्षांच्या आतलेच धरतात, आणि तेही गुन्हा घडला त्या तारखांवरून. दंड कधी भरलास याला महत्त्व नाही. तुझे सगळ्यांत जुने तीन त्यात बसतात का, ते आजच तपास.

बसत असतील तर कोर्टात ‘एक्सेप्शनल हार्डशिप’, म्हणजे बंदीमुळे नेहमीपेक्षा फारच जास्त हाल होतील हे, मांडावी लागेल. तिथे ‘वेग फार नव्हता’ हे ऐकूनच घेत नाहीत. ‘नोकरी जाईल’ एवढ्यानेही सहसा भागत नाही. लायसन्स गेलं की हाल होणारच, हे कायद्याने गृहीतच धरलंय. ज्यांचा काही दोष नाही त्यांचे काय हाल होतील, याला वजन असतं. म्हणून काकूंचं सांग. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तुमच्या बॅनबरीहून ऑक्सफर्ड, आणि परतताना त्यांना धड उभंही राहवत नाही. हे तुला शपथेवर सांगावं लागेल आणि मग प्रश्न येतील: बायको का नेत नाही? टॅक्सी का नाही? हॉस्पिटलची गाडी का नाही? प्रत्येक उत्तराला कागद हवा. वहिनींच्या ड्युटीचा तक्ता, डायलिसिस युनिटचं पत्र, टॅक्सीच्या भाड्याचा अंदाज, बँकेची स्टेटमेंटं. हॉस्पिटलची गाडी मिळत असेल तर ते लपवू नकोस. ती किती वाट बघायला लावते आणि तेवढ्या वेळात काकूंचं काय होतं, ते सांग. एकही गोष्ट फुगवू नकोस. खरं आहे तेच पुरेसं जड आहे.

आणखी एक. बंदी भोगली तर हे बारा पॉइंट बेरजेतून जातात. कोर्टाने तुझं मानलं तर मात्र ते तसेच राहतात. पुढचे तीन आले की परत तिथेच उभा राहशील आणि तीन वर्षांत काकूंचं कारण दुसऱ्यांदा चालणार नाही. तरीही तू हे लढावंस असं मला मनापासून वाटतं. सहा महिने काकूंनी कसे काढायचे?

सुनावणीची तारीख कळली की लगेच कळव, मी रजा टाकून येतो. वकील करणार असशील तर पैशांची काळजी करू नकोस, आपण बघू. आणि वहिनींची ड्युटी असेल त्या दिवशी काकूंना न्यायला मला हाक मार. बॅनबरी इथून लांब नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश