संस्थांच्या ऑफिसात कोण बसतं?

मा. संपादक,

शाहू जयंती झाली, दसरा चौकात हार घालून झाले, सगळ्यांचे स्टेटसही ठेवून झाले. आता 26 जुलै तोंडावर आलाय. 1902 साली याच तारखेला, महाराज स्वतः विलायतेत असताना, करवीर दरबारचा, म्हणजे कोल्हापूर संस्थानचा, हुकूम निघाला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्याच हुकमात आणखी एक गोष्ट होती, खातेप्रमुखांनी नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करायचं. म्हणजे घोषणा केलीत ना, आता कुणाला घेतलं तेवढं दाखवा. ही ओळ मात्र कुणी स्टेटसला ठेवत नाही.

मी इथल्याच एका सामाजिक संस्थेत फिल्डवर काम करते. आमच्यासारख्या खासगी संस्थांना नोकरभरतीत आरक्षण लागू नाही, पण भिंतीवर फुले-शाहू-आंबेडकर तिघंही आहेत. मध्यंतरी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा देणाऱ्या एका कंपनीनं एक्सेल शीट पाठवली, स्टाफमध्ये एससी किती, ओबीसी किती, मायनॉरिटी किती, दिव्यांग किती. ऑफिसनं काय करावं, कुणाला एका शब्दानं न विचारता आडनावं बघून शीट भरून टाकली! आता कोल्हापूर जिल्ह्यात आडनावावरून काय डोंबल कळणार, पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत आणि मुसलमानही आहेत. आमच्यातले एक जैन पाटील मराठ्यांत जाऊन बसले, जैन समाज 2014 पासून केंद्राच्या अल्पसंख्याक यादीत आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

माहिती गोळा करायला माझी ना नाही, उलट करावीच. पण ज्याची त्याला भरू द्या, 'सांगायचं नाही' असा पण रकाना ठेवा आणि भरलेले कागद चहाच्या टेबलावर फिरवू नका. दहा-बारा माणसांच्या ऑफिसात नाव खोडलं तरी कोण कुठला ते कळतंच, म्हणून बाहेर फक्त बेरीज जाऊ दे.

आणि बेरीज करताना हुद्देवार करा की. एकूण आकडा बघितला तर आमची संस्था लई भारी दिसते, कारण वस्तीत फिरणाऱ्या बाया, सर्व्हे करणारी पोरं सगळी त्या त्या समाजातलीच असतात, पण ती मानधनावर. पगार, पीएफ आणि खुर्ची ज्यांना आहे त्यांच्यात हीच माणसं शोधायला गेलं तर सापडत नाहीत. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "त्यांना इंग्लिश रिपोर्टिंग जमत नाही." यल्लम्मादेवीला सोडलेल्या जोगत्यांसोबत प्रोजेक्ट चालतो, यल्लम्माच्या जत्रेपासून रेशनकार्डापर्यंत सगळी माहिती त्यांच्याचकडून घेतो, आणि त्यांच्यातलं कुणी कोऑर्डिनेटर का नाही म्हणलं की मीटिंगमध्ये सगळे मोबाईल बघायला लागतात.

ऑफिसात जे थोडेफार पोचलेत त्यांचीही एक वेगळीच ड्युटी असते. मुस्लिम सहकारी असेल तर शीरखुर्मा कधी आणि मोहल्ल्यातला सर्व्हे तूच कर, बौद्ध सहकारी असेल तर 14 एप्रिलचं भाषण तुझंच. बजेटच्या मीटिंगला मात्र दोघांनाही बोलावणं नाही. आमच्याकडच्या अशाच एका मुलीला अकाउंट्स उत्तम येतं हो, पण तिला अकाउंट्सबद्दल कुणी विचारेल तर शपथ.

कायद्याचं म्हणाल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा समान संधीचं धोरण करायला सांगतो आणि 2019 चा ट्रान्सजेंडर कायदा प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो, त्यात ट्रस्ट आणि सोसायट्याही येतात. आमच्याकडं हे दोन्ही कागद मागून बघितले, मिळाले नाहीत. इतर संस्थांतल्या मैत्रिणींनी पण आपापल्या ऑफिसात मागून बघावेत.

तर मागणी एवढीच, संस्थांनी वार्षिक अहवालात फोटोंची दोन पानं कमी करून कुठल्या हुद्द्यावर कोण, किती जण पगारावर आणि किती मानधनावर, हा तक्ता छापावा. आणि पैसे देणाऱ्या कंपन्यांनी रिपोर्ट मराठीत घ्यावा, भाषांतराचा खर्च बजेटमध्ये धरावा, गाडीभाड्यापेक्षा कमीच होईल तो.

- एक फिल्ड वर्कर, कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये, पुढच्या महिन्यात मानधनाचं रिन्यूअल आहे.)