लायब्ररी लिस्ट हाताने बदलू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आयटीतल्या नोकऱ्यांची चर्चा क्लाउड आणि पायथनपुढे सहसा सरकत नाही. पण परदेशातल्या बँका, विमा कंपन्या, गोदामे यांचे रोजचे व्यवहार 'आयबीएम आय' या संगणक प्रणालीवर सांभाळणारे प्रोग्रामर पुण्या-मुंबईत आजही आहेत. ही प्रणाली १९८८ साली आलेल्या एएस/४०० या संगणकाची थेट वारस. नव्या मुलांना तिथे आरपीजी ही प्रोग्रामिंगची भाषा मन लावून शिकवतात, लायब्ररी लिस्ट, म्हणजे फाइल कोणत्या लायब्ररींत (फायली आणि प्रोग्राम ठेवायच्या कप्प्यांत) कोणत्या क्रमाने शोधायची याची यादी, मात्र दोन वाक्यांत उरकतात. चाचणीचा प्रोग्राम खऱ्या डेटावर चालतो तो बहुधा याच अज्ञानामुळे.

प्रोग्राम फाइल मागताना सहसा लायब्ररीचे नाव देत नाही. प्रणाली जॉबची (चालू कामाची) यादी वरून खाली चाळते आणि त्या नावाची पहिली फाइल मिळाली की थांबते. यादीत सिस्टमच्या कमाल १५ लायब्ररी, प्रॉडक्टच्या २, एक करंट आणि युजरच्या २५० मावतात. त्यामुळे तोच कंपाइल केलेला प्रोग्राम चाचणीची टीएसटीडेटा लायब्ररी वर असली तर टेस्टवर चालतो, खऱ्या डेटाची पीआरडीडेटा वर असली तर लाइव्हवर. सोय उत्तमच आहे. पण टेस्टच्या यादीत तळाशी 'असू दे' म्हणून लाइव्ह डेटाची लायब्ररी ठेवली की घात होतो. टेस्टमध्ये एखादी फाइल बनवायची राहिली, तर प्रोग्राम काही न बोलता लाइव्हची उघडतो. ती लायब्ररी यादीत नसती तर 'फाइल सापडली नाही' हा सीपीएफ ४१०१ संदेश येऊन जॉब थांबला असता, आणि थांबलेला जॉब केव्हाही परवडला.

दुसरी चूक सीएल (प्रणालीच्या कमांडच्या भाषेतल्या) प्रोग्राममध्ये हमखास दिसते. ॲडलिबएलई कमांडने लायब्ररी सर्वांत वर आणायची आणि खाली सीपीएफ २१०३ साठी मॉनमेसेज (त्रुटीचा संदेश पकडणारी कमांड) लावून मोकळे व्हायचे. लायब्ररी यादीत आधीच असेल तर हा संदेश येतो, मॉनमेसेज तो गिळतो आणि लायब्ररी पूर्वी होती तिथेच, कदाचित तळाशी, राहते. आधी आरएमव्हीलिबएलईने काढा, मग वर घाला.

तिसरी सर्वांत फसवी. यादी बदलली म्हणून उघडी फाइल बदलत नाही. एलआर (प्रोग्राम पूर्ण संपल्याची खूण) न लावता परतलेला आरपीजी प्रोग्राम फायली उघड्याच ठेवतो. पुढच्या कॉलला तो जुन्याच लायब्ररीतल्या फाइलवर लिहितो आणि पडद्यावरची यादी मात्र नवी दिसते. दुसऱ्या प्रोग्रामला केलेल्या डायनॅमिक (चालताना नावाने शोधून केलेल्या) कॉलचेही तसेच: पत्ता पहिल्या वेळी शोधला जातो आणि तोच पुढे वापरला जातो. म्हणून एन्व्हायर्नमेंट (टेस्ट की लाइव्ह) बदलायचे तर साइन ऑफ करून पुन्हा आत यावे.

टेस्टसाठी फायलींची प्रत काढताना ट्रिगरही (फाइलमधली नोंद बदलली की आपोआप चालणारे प्रोग्राम) तपासावेत. ट्रिगरचा प्रोग्राम फाइलच्याच लायब्ररीत नसेल, तर सीआरटीडीयूपीओबीजे कमांडने काढलेली प्रत मूळ, म्हणजे लाइव्हचाच ट्रिगर चालवते. इथे लायब्ररी लिस्ट कितीही नीट लावली तरी उपयोग नाही.

'हाताने चालतो, रात्री पडतो' ही तक्रारही यातलीच. पार्श्वभूमीवर जॉब सोडणारी एसबीएमजॉब कमांड, वेगळे काही सांगितले नाही तर, चालू सेशनची यादी पुढे पाठवते. जॉब शेड्यूलरच्या नोंदीतून सुटलेला जॉब मात्र जॉब डिस्क्रिप्शनमधली (जॉब कसा चालवायचा ते लिहिलेल्या नोंदीतली) यादी घेतो. दोन्हींत फरक असला की प्रोग्राम तोच असूनही डेटा वेगळा मिळतो.

म्हणून आमचे म्हणणे आहे की यादी माणसाच्या टायपिंगवर सोडूच नये. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटला स्वतंत्र जॉब डिस्क्रिप्शन असावे, सुरुवातीची यादी त्यात लिहिलेली असावी आणि ते युजर प्रोफाइलला जोडलेले असावे. प्रोग्रामरला टेस्ट आणि लाइव्हसाठी वेगवेगळी प्रोफाइल द्यावीत आणि टेस्टच्या प्रोफाइलला लाइव्ह डेटा लायब्ररीवर एक्सक्लूड (प्रवेशबंदी) अधिकार असावा. त्या प्रोफाइलला ऑल ऑब्जेक्टचा (सगळे खुले करणारा) विशेष अधिकार दिलेला नसेल, तर यादी चुकली तरी दार बंदच राहते. रात्रीच्या जॉबला तर जॉब डिस्क्रिप्शनचे नाव स्पष्ट द्यावेच.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी आणि कंपन्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. एकाच नावाची फाइल दोन चाचणी लायब्ररींत ठेवायची, एलआर न लावणाऱ्या प्रोग्रामने एक उघडायची, यादीचा क्रम उलटवायचा आणि प्रोग्राम पुन्हा कॉल करायचा. मग जॉबची माहिती दाखवणाऱ्या डीएसपीजॉब कमांडमध्ये पर्याय १३ ला यादी पाहायची आणि पर्याय १४ ला प्रत्यक्ष उघडी फाइल कोणत्या लायब्ररीतली आहे ते पाहायचे.

— आयबीएम आयवर काम करणारे काही प्रोग्रामर, पुणे