बर्फात झालेली टक्कर आणि आपल्या बोटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याच धंद्यातल्या एका बोटवाल्याचं पत्र आलं होतं, की पर्यटक कुठेही पाण्यात उतरतात, बोटींच्या मध्ये मध्ये पोहतात, ओरडून सांगितलं तरी हलत नाहीत आणि उद्या कोणाला लागलं की बोंब आमच्या नावाने. दोन महिन्यांपूर्वी हे पत्र वाचलं असतं तर मी त्याच्याखाली अंगठा उठवून दिला असता. माझी स्वतःची मालवणजवळ दोन खोल्यांची होमस्टे आहे, भावाबरोबर एक बोट आहे आणि हेच वाक्य मी पंधरा वर्षं बोलत आलोय. पण डिसेंबरात मी गुलमर्गला स्की करायला गेलो आणि तिथे एका उभ्या असलेल्या पोरावर जाऊन आदळलो, त्यात तो अंगठाच दुखावून बसलोय, म्हणून हे पत्र.

आता कोकणातला माणूस आणि स्की हे ऐकून हसू येणार, येऊ द्या. आमच्या आयेने तर निघतानाच सुनावलं होतं, "थंय थंडीन मरूक कित्याक जातंस, हयसर दर्यार काय कमी आसा?" पण आमच्याकडे दरवर्षी पुण्याचा एक ग्रुप उतरतो, त्यांनी खूप आग्रह केला, नाताळची गर्दी चालू व्हायच्या आत परत यायचं ठरलं आणि घर बायकोवर, बोट भावावर टाकून गोव्यातल्या मोपा विमानतळावरनं विमानात बसलो. दिल्लीला विमान बदलून श्रीनगर.

श्रीनगरात पोचलो त्याच रात्री वर बर्फ पडला. तिकडे सीझनचा पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना "नव शीन मुबारक" म्हणतात, हॉटेलातल्या पोऱ्याने आम्हालाही म्हटलं. आम्ही खूश, म्हटलं नशीब काढलं. पण पहिला बर्फ आणि वर रविवार म्हणजे काय हे आमच्या डोक्यातच आलं नाही, आम्हाला वाटलं पर्यटक म्हणजे आपल्यासारखे बाहेरचेच, पण अर्धं श्रीनगरच गाड्या काढून वर निघालं होतं. श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. त्यातले शेवटचे तेरा, टंगमर्गपासून वरचे, नुसती वळणं, आणि बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावल्याशिवाय किंवा फोर बाय फोर असल्याशिवाय गाडी वर जात नाही. टंगमर्गला सगळे गाड्या बदलतात, गमबूट आणि लांब कोट भाड्याने घेतात, तिथे जो काही गोंधळ होता तो बघून मला थेट मे महिन्यातला आमचा पार्किंगचा रस्ता आठवला. तेरा किलोमीटरला अडीच तास. एक गोष्ट मात्र वेगळी, तिथे कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, कारण वाजवून उपयोगच नव्हता.

वर गेल्यावर बघतो तर, संपादक साहेब, अख्खा मैदानाचा वाडगा पांढरा आणि त्याच्यावर नुसती माणसं. गुलमर्गचं ते मैदान म्हणजे उन्हाळ्यात गोल्फचं कोर्स, २,६०० मीटरच्या वर उंचीवर, आणि हिवाळ्यात त्याच्याच उतारांवर शिकाऊ लोक स्की करतात, त्याला बेबी स्लोप म्हणतात. गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा आहे, पहिला टप्पा १९९८ ला चालू झाला तो कोंगदूरीपर्यंत, दुसरा २००५ ला तो पार अफरवट डोंगराच्या अंगाला, ३,९०० मीटरच्या वर. पण त्याची तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात आणि रांग तर अशी की बघूनच आम्ही नाद सोडला. शिवाय मी पहिल्यांदा स्की पायात घालणारा माणूस, मला वर नेऊन काय लोणचं घालणार.

सीझनच्या सुरुवातीचा बर्फ म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आपल्याला फोटोत सगळा बर्फ सारखाच दिसतो. पण नुकताच पडलेला बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस, वीतभर दिसतो आणि बूट ठेवला की खाली गवत. जानेवारीत एकावर एक थर पडून, दाबून खाली जो कडक पाया तयार होतो तो अजून झालेला नसतो. चिल्ले कलां, म्हणजे त्यांचे ते कडक थंडीचे ४० दिवस, २१ डिसेंबरला लागतात, आम्ही त्याच्याही आधी गेलेलो. त्यामुळे सकाळी दहाला जो उतार पांढराशुभ्र होता तो बारा वाजेपर्यंत हजारो पायांनी तुडवून करडा झाला, मध्ये मध्ये गवताचे पुंजके आणि चिखल, कुठे कुठे दगडाचं टोक. चांगला बर्फ म्हणजे एक चिंचोळी पट्टी उरली आणि सगळ्यांना तीच पाहिजे. स्की करणाऱ्यांना तीच, स्लेज, म्हणजे माणसं बसवून न्यायची बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्यांना तीच, फोटो काढणाऱ्यांना तीच, बर्फाचे गोळे मारणाऱ्या पोरांना पण तीच. भरतीच्या वेळी आमची पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, अरुंद होते आणि सगळे एकाच पट्ट्यात येतात ना, अगदी तसं.

माझा शिकवणारा एक पन्नाशीचा काश्मिरी माणूस होता, फिरन म्हणजे तिकडचा लांब झगा घातलेला, बोलायला कमी. स्कीचे बूट म्हणजे पायात सिमेंटच्या कुंड्या, घोटा हलतच नाही, ते पट्टीत खट्‌कन बसले की तुम्ही आणि ती दीड मीटरची फळी एक. मग थांबायचं कसं तर पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून आतल्या कडांवर जोर द्यायचा. तो सगळ्यांना म्हणत होता, "पिज़्ज़ा बनाओ, पिज़्ज़ा." मी मनात म्हटलं आम्हाला घावण्याची चौघडी कळते, तांदळाचं घावन चार घड्या घातलं की तसाच तिकोन होतो, तीच समजू. आणि दुसरं म्हणजे मागे रेलायचं नाही. उतार दिसला की भीतीने अंग मागे जातं, आणि मागे गेलं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं आणि मग ती तुमची राहत नाही. गुडघे मोडून पुढे झुकायचं. हे मला लगेच जमलं, लाटेवर बोटीत उभं राहायची सवय असलेल्याला गुडघे मोडायला शिकवावं लागत नाही. दोन तासांत मी पन्नास-साठ पावलांचा उतार न पडता यायला लागलो आणि तिथेच डोक्यात हवा गेली.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला मी थोडा जास्त वरून निघालो. मध्ये एक पोरगा खाली तोंड करून उभा, हात लांब करून मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, मागे म्हणजे माझ्याकडे पाठ. मी लांबून बघितला. ओरडलो. मला वाटलं हलेल. तो हलला नाही, मी चौघडी केली पण त्या तुडवलेल्या चिखलट बर्फात ती धरली नाही, डावीकडे दोन बायकांना घेऊन एक स्लेज चाललेली, उजवीकडे गवत आणि दगड, आणि मी सरळ त्याच्या पाठीत. दोघंही खाली. त्याचा मोबाईल दगडावर. उठताना तो ओरडला, "दिसत नाही का बे?" म्हणजे नागपूरचा निघाला. मी पण तसाच ओरडलो, की मध्ये काय उभा राहिलास, हा काय उभं राहायचा रस्ता आहे का. दोन हजार किलोमीटर लांब जाऊन दोन मराठी माणसं बर्फात बसून भांडतायत, बाजूची पोरं मजा बघतायत.

माझा शिकवणारा खाली आला. मला वाटलं त्या पोराला झापेल, पण त्याने आधी त्याला उभा केला, कुठे लागलं का बघितलं आणि मग माझ्याकडे वळला. मी आपलं चालू केलं, "वो बीच में खड़ा था." तो म्हणाला, "वो खड़ा था, आप चल रहे थे." मी म्हटलं मी आवाज दिला होता. त्यावर म्हणाला, "ऊपर वाला देखेगा साहब. नीचे वाले की पीठ में आँख नहीं है."

मला राग आला होता खरं सांगायचं तर. संध्याकाळी हॉटेलवर कहवा पीत पुण्याच्या एकाने मोबाईलवर आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे ते १० नियम वाचून दाखवले. त्यात हेच आहे. मागून किंवा वरून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग धरायचा. आपला वेग आपल्याला येतं तेवढा, बर्फाच्या स्थितीला आणि गर्दीला धरून ठेवायचा. हां, त्या पोरालाही नियम आहे, अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी उगाच थांबू नये आणि पायी चढणाऱ्या-उतरणाऱ्याने कडेने जावं. पण तो दिसत होता. मला दिसत होता. मी वेग कमी करायच्या ऐवजी तोंड वापरलं.

आता हे सगळं तुमच्या पेपरात कशाला, तर हेच मी पंधरा वर्षं पाण्यात करत आलोय. समोर डोकी दिसतायत, मी हात हलवतो, शिट्टी मारतो, शिव्या घालतो आणि इंजिन तसंच ठेवतो, की हलतील. इंजिन माझ्या हातात, बोट माझी, पाणी माझं ओळखीचं, आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितलाय, ज्याच्या कानात लाटेचा आवाज आहे आणि पाठ माझ्याकडे आहे, त्याने हलायचं. बोटींच्या आपसातल्या नियमात तरी काय आहे, मागून येऊन पुढे जाणाऱ्याने वाट द्यायची आणि बोटीवर कायम नजर ठेवायची. हे आमच्या प्रत्येक तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पाठ आहे. पोहणाऱ्याच्या बाबतीत तेवढं आम्ही विसरतो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, त्याचं कारण वेगळं होतं आणि मी ते इथे जोडत नाही, पण तेव्हा महिनाभर आम्ही सगळे किती जपून वागत होतो ते आठवतं, नंतर हळूहळू परत येरे माझ्या मागल्या.

पत्र लिहिणाऱ्या मित्राचं दुखणं मला कळतं. सीझन हातात किती असतो, पावसाळ्यात मे अखेर ते ऑगस्ट अखेर सगळं बंद, सप्टेंबरला चालू करायचं म्हणावं तर समुद्र निवळत नाही, २०१९ ला तर ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं आणि पर्यटक खोल्यांमध्ये बसून होते. तिकडच्या स्लेजवाल्यांचंही तेच. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की २०२४ ला अर्धा जानेवारी गेला तरी गुलमर्गला बर्फ नव्हता, कोरडं गवत, हे लोक स्लेज उलट्या टाकून बसलेले. आणि मग ज्या दिवशी पडतो त्या दिवशी सगळे तुटून पडतात, कारण उद्याचा भरवसा नाही. तो दोन बायकांना घेऊन माझ्या डावीकडून चाललेला स्लेजवाला काय किंवा एका फेरीत जास्त माणसं बसवणारा आमचा बोटवाला काय, हिशोब एकच. म्हणून त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण म्हणूनच प्रत्येकाच्या समजुतीवर सोडून चालणार नाही असंही वाटतं.

माझं म्हणणं साधं आहे. पोहायची जागा आणि बोटी, जेटस्की, बनाना राईड यांची जागा वेगळी करा आणि ती दिसेल अशी करा. पाण्यात हद्द दाखवणारे तरंगते बोया टाका, पुळणीवर पोहायच्या पट्ट्याला दोन टोकांना लाल-पिवळे झेंडे लावा, बोटीने किनाऱ्याला यायचं ते एकाच गल्लीतून, आणि तिथे इंजिन हळू. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असते तेव्हा तो दोर ओलांडून पर्यटक जातात, पोरं त्याच्यावर उभी राहून फोटो काढतात, त्यांनाही कोणीतरी जागेवर सांगणारा पाहिजे. ज्या खात्याकडे हे येतं त्यांना आम्ही तोंडी दोनदा सांगितलं, उत्तर मिळालं की बघू. आणि हे फक्त खात्याचं काम आहे असंही नाही, बोया आम्ही बोटवाले वर्गणी काढून घालू शकतो, एका जाळ्याच्या खर्चाच्या पुढे जाणार नाही तो खर्च. आंगणेवाडीच्या जत्रेला लाखांनी माणसं येतात, तिथे बांबू बांधून रांगा लावता येतात आपल्याला, कोणाला धक्का न लागता म्हातारी माणसंसुद्धा देवीपर्यंत जातात. म्हणजे गर्दी आवरता येत नाही असं नाही. जत्रा झाली की तीच माणसं मालवणला समुद्रावर येतात आणि तिथे एक दोरीसुद्धा नसते. निदान यंदाच्या जत्रेआधी तरी हे व्हावं.

आणि पत्र लिहिणाऱ्या मित्राला एवढंच, की पर्यटक मध्ये येतात हे खरं आहे, येणारच, ते त्याच्यासाठीच आलेत. आपण वरून येतोय.

अंगठ्याचं म्हणाल तर पडताना मी हातातली काठी सोडली नाही, शिकवणाऱ्याने सांगितलं होतं की पडताना डंडा सोडा, तेही ऐकलं नाही, आणि अंगठा उलटा झाला. कुडाळला डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले, म्हणाले याला स्कीअर्स थंबच म्हणतात, पुस्तकात वाचलं होतं, कोकणात पहिल्यांदा बघतोय. सहा आठवडे पट्टी. बोटीची दोरी भाऊ ओढतो, नारळ बायको फोडते आणि हे पत्र मी बोललो तसं मुलाने टाइप केलंय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या. त्या नागपूरच्या पोराचा नंबर घेऊन ठेवलाय, मे महिन्यात तो घरच्यांना घेऊन येतोय, मोबाईलच्या काचेचे पैसे राहण्यात वळते करायचं ठरलंय, मासे मात्र वेगळे.

आपला,
एक होमस्टेवाला आणि बोटवाला,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग